म्हणे, शेवटी ते असे बोलले!

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेर पडले की जयंती-पुण्यतिथीच्या दिवसांत डोक्यावर फ्लेक्स असतो. एका कोपऱ्यात महापुरुष, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे दहा-बारा चेहरे, आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत एक वाक्य. हे वाक्य पुष्कळदा त्या महापुरुषाचे 'अखेरचे शब्द' म्हणून छापलेले असते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एखादी मुलगी मूठ आवळून तेच वाक्य म्हणते आणि टाळ्या घेते. सकाळच्या सीएसएमटी लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइल चाळणाऱ्यांपर्यंत तेच वाक्य गुलाबाच्या चित्रासह पोहोचते. अशा वेळी कुणी नुसते विचारावे, की बुवा, हे ऐकले कुणी आणि लिहून कधी ठेवले? उत्तर ठरलेले असते. "खरे असो की खोटे, पोरांना प्रेरणा मिळते ना? मग कशाला उकरून काढता?"

हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे.

उत्तर देणारे लोक वाईट नसतात, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे साधारण असे. सामान्य माणूस दप्तरे वाचत नाही, त्याला इतिहास एका वाक्यात हवा असतो. मरताना माणूस खोटे बोलत नाही, म्हणून ते वाक्य त्याच्या आयुष्याचा अर्क. आणि समजा ते नंतर कुणी रचले असेल, तरी भावना तर त्याचीच ना? या तीनही मुद्द्यांना वजन आहे. तिसरा तर इतका गोड आहे की त्याला नाही म्हणणे जिवावर येते. पण महाराष्ट्रातलीच चार-दोन उदाहरणे जवळून पाहिली तर दिसते, की या वाक्यांनी प्रेरणा जितकी दिली त्याहून जास्त माहिती झाकली आहे.

सर्वांत प्रसिद्ध वाक्य घेऊ. "काका, मला वाचवा!" मराठी बोलणाऱ्या माणसाला हे ठाऊक नाही असे होत नाही. नाटकात, विनोदात, क्रिकेटच्या गप्पांत ते वापरले जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी दुपारी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. गणपतीचे दिवस होते. पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी शिपाई वाड्यात घुसले. नारायणराव जीव वाचवायला चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या दालनाकडे पळाला, त्याच्या गळ्यात पडला, हे जुन्या हकिकतींत येते. त्या गोंधळात, किंकाळ्यांत आणि तलवारींच्या आवाजात त्याच्या तोंडून नेमके हेच तीन शब्द निघाले का? जवळ होते ते मारेकरी, मरणारे नोकर आणि खुद्द रघुनाथराव. यांपैकी कुणी टिपण काढायला बसले नव्हते. गंमत अशी, की खुनाला साक्षीदार मोजके, पण पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून ती हाक ऐकू येते असे सांगणारे पुण्यात आजही गल्लोगल्ली भेटतात.

आता या वाक्याने काय झाकले ते पाहू. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले आणि तोही तिथेच कापला गेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले, नोकर-चाकर, कुणबिणी मारल्या गेल्या. त्यांची नावे कुठल्या फ्लेक्सवर येत नाहीत, कारण त्यांच्या वाट्याला वाक्य आले नाही. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर बसलेल्या माणसाच्या विरोधात चौकशी चालवली, गुन्हेगारांची यादी पन्नासच्या घरात गेली आणि खुद्द पेशवेपदावर बसलेला रघुनाथराव त्यात गोवला गेला. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानात एका न्यायाधीशाने हे करावे, ही केवढी मोठी घटना! (रामशास्त्र्यांच्या तोंडीही पुढे बाणेदार संवाद घातले गेले आहेत, ते इथे मुद्दाम देत नाही.) कटात पैसा होता, आमिष होते, वाड्याच्या पहारेकऱ्यांची फितुरी होती, राज्यकारभारातली जुनी भांडणे होती. हे सगळे बाजूला राहिले आणि उरला एक घाबरलेला पोरगा, एक दुष्ट काका आणि हुकमातल्या 'धरावे'चे 'मारावे', म्हणजे 'ध चा मा' करणारी एक काकू, आनंदीबाई. तो 'मा' केलेला कागद दाखवा म्हटले तर कुणाला दाखवता येत नाही. तरी आनंदीबाईचे नाव अडीचशे वर्षे शिवीसारखे वापरले जात आहे. प्रेरणावाद्यांनी सांगावे, यातून पोरांना कसली प्रेरणा मिळते?

अंबरनाथकराला तर या खुनाचा परिणाम घराच्या गच्चीवरून दिसतो. गादी टिकेना म्हणून रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, त्यात रघुनाथरावाने साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पेटलेल्या लढाईत १७८० साली इंग्रजांनी मलंगगडाला वेढा घातला. हाच तो डोंगर, पश्चिमेच्या कुठल्याही चौथ्या मजल्यावरून पावसाळ्यात हिरवा आणि उन्हाळ्यात काळाकभिन्न दिसणारा. शनिवारवाड्यातली दुपार आणि मलंगगडाच्या पायथ्याचा वेढा यांच्यात सात वर्षांचा सरळ धागा आहे. तो धागा इथल्या एखाद्या शाळेने आठवीच्या वर्गात समजावून सांगितला तर मुले डोळे मोठे करून ऐकतील. पण मुलांना मिळते ती भुताची हाक.

"म्हणजे बखरी सगळ्या खोट्या म्हणायच्या?" असा पुढचा सवाल येतो, आणि तो रागाने येतो. त्याचे उत्तर देण्याआधी हे लक्षात घ्यावे, की बखरींना पुरावा मागण्याची रीत कुणी परदेशी पंडिताने आणलेली नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत पानिपतच्या बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या आणि त्यांतल्या चुका निर्दयपणे दाखवल्या. राजवाड्यांच्या देशाभिमानाविषयी शंका घेणारा अजून जन्मायचा आहे. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते कागद जमवायला आणि तपासायला, जयजयकार करायला नव्हे. तेव्हा 'कुणी ऐकले?' हा प्रश्न उपरा नाही, तो अस्सल मराठी प्रश्न आहे.

सभासदाची बखर घ्या. शिवाजी महाराजांविषयी लिहिलेल्या बखरींत तिचा मान मोठा, कारण कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्याच काळातला. पण बखर लिहिली गेली जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, महाराजांच्या निधनाला दीड दशक उलटल्यावर. त्यात ३ एप्रिल १६८० च्या आधीचे महाराजांचे अखेरचे बोलणे आहे, आणि ते साधे निरोपाचे बोलणे नाही. त्यात भाकीत आहे. पुढे राज्यावर औरंगजेबाचे संकट येईल आणि अमुक अमुक माणसे पराक्रम करून ते सावरतील. ही माणसे कोण? प्रल्हाद निराजी, रामचंद्रपंत, संताजी घोरपडे, धनाजी जाधव. म्हणजे बखर लिहिली जात असताना राजारामाचे राज्य ज्यांच्या खांद्यांवर उभे होते नेमके तेच. आणि संभाजी महाराजांविषयीचा सूर? तोही धाकट्या भावाच्या दरबारात बसून लिहिणाऱ्याला शोभेल असाच. घडून गेलेल्या गोष्टीचे भाकीत कधी चुकत नाही! सभासदाला खोटारडा म्हणायचे कारण नाही. त्याने आपल्या काळाच्या रिवाजाप्रमाणे लिहिले. पण ते बोलणे महाराजांचे म्हणून भाषणात सांगायचे म्हणजे जिंजीच्या दरबाराचे राजकारण महाराजांच्या मुखी घालायचे. ज्या राजाची अस्सल पत्रे आहेत, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून सुभेदाराला दिलेली ताकीद आहे, त्याला उसन्या वाक्याची गरज काय?

तानाजीचेही तेच. सिंह गेल्याचे महाराजांचे उद्गार हे काही तानाजीचे अखेरचे शब्द नव्हेत, पण जात तीच. त्या उद्गारावरून किल्ल्याला सिंहगड नाव पडले असे मुले घोकतात. तानाजी पडला १६७० च्या फेब्रुवारीत, आणि १६६३ च्या पत्रात किल्ल्याचे नाव सिंहगड आलेले आहे. इथे जास्त थांबायला नको.

बाजीप्रभूंच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. घोडखिंडीत १३ जुलै १६६० रोजी तोफांचे आवाज कानी येईपर्यंत लढलेल्या या माणसाच्या तोंडी कवींनी आणि शाहिरांनी फार सुंदर शब्द घातले. सावरकरांचा पोवाडा आहे, कुसुमाग्रजांची कविता आहे. कवीला तो हक्कच आहे, किंबहुना ते त्याचे कामच आहे. तक्रार कवीबद्दल नाही. तक्रार त्याच्याबद्दल आहे जो कवितेतली ओळ कवीचे नाव पुसून भाषणात 'बाजी म्हणाले' म्हणून ठोकून देतो. त्यात बाजींचाही अपमान आणि कवीचाही.

मात्र उलट बाजूचे शहाणेही कमी नाहीत. एखादे वाक्य सिद्ध होत नाही म्हटल्यावर 'सगळ्या थापा' म्हणून हात झटकणारे. त्यांच्यासाठी दत्ताजी शिंदे. १० जानेवारी १७६०, दिल्लीच्या उत्तरेला यमुनेकाठी बुराडीचा घाट. पुतण्या जनकोजी गोळी लागून जखमी, दत्ताजी पुढे सरसावला आणि पडला. शत्रूकडच्या कुतुबशहाने खिजवून विचारले, पाटील, अजून लढाल का? आणि घायाळ दत्ताजी म्हणाला, "बचेंगे तो और भी लढेंगे." हे भाऊसाहेबांच्या बखरीने घरोघरी पोहोचवले. ऐकणारे कोण, तर शत्रू. मराठी माणसे त्या क्षणी दूर रेटली गेली होती. मग वाक्य परत आले कसे? अशक्य मुळीच नाही. छावण्यांत दोन्हीकडची माणसे येत-जात असत, आणि हाच कुतुबशहा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुंजपुऱ्याला मराठ्यांच्या हाती सापडला आणि मारला गेला. फुशारकी म्हणून पठाणी गोटातच ते आधी सांगितले गेले असेल आणि तिथून इकडे आले असेल. बखरही घटनेनंतर फार वर्षांनी लिहिलेली नाही. तेव्हा हे वाक्य बऱ्यापैकी तगते. 'बखरीत असे आहे' एवढे जोडून ते खुशाल सांगावे. या तीन शब्दांनी दत्ताजीचे शौर्य तसूभरही कमी होत नाही, सांगणाऱ्याची पत मात्र वाढते.

पण इथेही वाक्याने काहीतरी झाकले आहेच. दत्ताजी बुराडीला एवढा एकटा का पडला? गंगेकाठी शुक्रतालला रोहिला सरदार नजीबखानाने त्याला पुलाच्या आशेवर महिनोन्महिने झुलवत ठेवले, आणि तोवर अब्दाली येऊन ठेपला. होळकरांची फौज वेळेवर जवळ नव्हती. पानिपतचा डाव कसा बिघडत गेला हे समजून घ्यायचे तर शुक्रताल आधी वाचावे लागते. संक्रांतीच्या सुमारास दरवर्षी वाक्याचे स्टेटस लागतात. शुक्रतालचे नाव त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते?

विसाव्या शतकात तरी, वर्तमानपत्रे आणि पोलीस ठाणी असताना, हा गोंधळ मिटला असेल असे वाटते. तो मिटलेला नाही. ३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी बिर्ला भवनात गांधीजींना गोळ्या लागल्या. राजघाटावरच्या काळ्या दगडावर 'हे राम' कोरले आहे. ते म्हणालेच नाहीत, असे सांगणारा एक पंथ महाराष्ट्रात चांगला जोरात आहे, आणि त्याचा आधार बहुधा नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे यांचे लिखाण आणि मुलाखती असतो. आता साधी गोष्ट. गोपाळ गोडसे २० जानेवारीच्या फसलेल्या कटात बिर्ला भवनात होते. ३० जानेवारीला ते दिल्लीतच नव्हते. जो माणूस शेकडो मैल दूर होता त्याने काय ऐकले नाही, हा पुरावा कसा होतो? दुसरे नाव येते ते गांधीजींचे सचिव कल्याणम यांचे. ते मागेच चालत होते. २००६ साली त्यांच्या तोंडी 'गांधी काही बोलले नाहीत' असे छापून आले, आणि पुढे त्यांनी स्वतःच खुलासा केला की आपण एवढेच म्हणालो, आपल्याला ऐकू आले नाही. ऐकू न येणे आणि न बोलणे यांत फरक आहे, तो आपल्याकडे चर्चेच्या भरात कुणी करत नाही.

दुसऱ्या बाजूला, गांधीजींचा हात ज्यांच्या खांद्यावर होता त्या मनुबेन यांनी रामनाम ऐकले. जवळ असलेल्या गुरबचनसिंग यांनी कोर्टात तशी साक्ष दिली. त्याच संध्याकाळी तुघलक रोड पोलीस ठाण्यात एका प्रत्यक्षदर्शीच्या जबानीवर फिर्याद नोंदली गेली, तीत शब्द आहेत ते 'राम राम'. म्हणजे जवळच्या लोकांच्या कानी रामाचे नाव पडले हे बळकट, नेमका उच्चार कसा होता हे सैल. दगडाला सैलपणा परवडत नाही, त्याने एक रूप पक्के केले. भक्तांना ते पुरते, विरोधकांना तेवढाच दगड फोडायला मिळतो. दोघेही त्या संध्याकाळच्या ज्या बोलण्याबद्दल वाद नाही ते वाचत नाहीत. सरदार पटेलांशी बोलणे लांबले होते, प्रार्थनेला दहा मिनिटे उशीर झाला होता. आभा आणि मनू यांच्या खांद्यावर हात ठेवून भराभर चालताना गांधीजी त्यांना आधी चेष्टेने आणि मग चिडून सांगत होते, की उशीर झाला, मला हे खपत नाही. घड्याळाचा गुलाम झालेला तो म्हातारा, मरणाच्या दोन मिनिटे आधीही, वेळ चुकल्याबद्दल पोरींवर रागावतो. कुणाला गांधी समजून घ्यायचा असेल तर यात पुष्कळ आहे. पण हे फ्लेक्सवर शोभत नाही.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरातून माणसे पहाटेच्या गाड्यांनी जातात, पिशवीभर पुस्तके घेऊन परततात. पोस्टरांवर आणि कॅलेंडरांवर 'बाबासाहेबांचा अखेरचा संदेश' असतो. हा काफिला मी मोठ्या कष्टाने इथवर आणला, पुढे नेता आला नाही तर आहे तिथे राहू द्या, पण मागे जाऊ देऊ नका, असा त्याचा आशय. हा संदेश बनावट नाही. बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी तो सांगितला आहे आणि तारीखही सांगितली आहे. ती तारीख ३१ जुलै १९५६ आहे. महापरिनिर्वाणाच्या चार महिने आधीची, नागपूरच्या धम्मदीक्षेच्याही आधीची. हे चार महिने गाळले की चित्र बदलते. जुलैतल्या त्या खिन्न संध्याकाळनंतर त्याच माणसाने १४ ऑक्टोबरला लाखो लोकांना घेऊन दीक्षा घेतली, चंद्रपूरला गेला, नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलला. म्हणजे काफिला पुढे नेण्याचे काम त्यानेच करून दाखवले. खिन्न बोलणे शेवटच्या रात्रीला चिकटवले, की बाबासाहेब निराश होऊन गेले असा समज होतो.

शेवटच्या रात्री २६, अलीपूर रोडला काय झाले हेही रत्तू यांनीच लिहून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा टंकलिखित मजकूर, आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांनी उशाजवळच्या टेबलावर मागवून घेतली. पत्रे कशाबद्दल? नव्या रिपब्लिकन पक्षाबद्दल. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले असताना, पासष्टीतला मधुमेहाने खिळखिळा झालेला माणूस रात्री अत्र्यांना आणि एसेमना पत्रे पाठवायच्या तयारीत होता. प्रस्तावना तपासायची होती. सकाळी उठून काम पुढे चालू ठेवायचे होते. कुठल्याही 'अखेरच्या वाक्या'पेक्षा टेबलावरचे हे कागद जास्त बोलतात, आणि त्यांचा पुरावा आहे.

आता 'मरताना माणूस खोटे बोलत नाही' या मुद्द्याकडे. आधी हे पाहावे, की मरताना माणूस बोलतो का? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर या नामांकित डॉक्टरने गेल्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे पाचशे मृत्यूंच्या नोंदी करवून घेतल्या. बहुसंख्य माणसे गुंगीत, काही न बोलता गेली. आपल्याकडे आज जो कुणी नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्र काढतो, त्याला हे वेगळे सांगायला नको. नळी घातलेला माणूस बोलत नाही. बोललाच तर पाणी मागतो, घरी न्या म्हणतो, चार वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीला हाक मारतो. यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटते ती आपल्याला, म्हणून आपण नंतर मजकूर सुधारून घेतो. मोठ्या लोकांच्या बाबतीत हे जगभर झाले. ज्युलियस सीझरचे मित्राला उद्देशून काढलेले उद्गार लोकांच्या ओठांवर आहेत ते शेक्सपिअरमुळे. रोमन चरित्रकार स्युटोनियसच्या मते तो बहुधा काहीच बोलला नाही. 'आणखी प्रकाश' हे गटेचे १८३२ सालचे अखेरचे शब्द ज्या डॉक्टरने जगाला सांगितले, तो त्या क्षणी खोलीत नव्हता.

यानंतर आपल्या भागात यावे. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने म्हसा, पुढे नारिवली, आणि मग सिद्धगड. २ जानेवारी १९४३ ला तिथल्या जंगलात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक कुटुंबातले, वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. शेतकऱ्यांना सावकाराकडे जावे लागू नये म्हणून धान्याची कोठारे उभी केली, शाळा काढल्या. ४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे करवतीने कापून पाडले, गिरण्या आणि रेल्वे अडखळल्या. डोंगरात, आदिवासी आणि शेतकरी पोरांना घेऊन, रात्रीच्या अंधारात, विजेच्या तारा असलेला लोखंडी मनोरा पाडायचा म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. फितुरीने ठिकाण कळले आणि हॉल या अधिकाऱ्याच्या तुकडीने पहाटे त्यांना गाठले.

त्यांचे अखेरचे शब्द काय होते? नोंद नाही. जवळ होते ते मारणारे आणि सोबत मरणारे. ही रिकामी जागा काही लोकांना सहन होत नाही. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. चित्रपटाला संवाद लागणारच, त्याला दोष नाही. पण पडद्यावरचा संवाद हळूहळू स्मारकावरच्या भाषणांत उतरतो आणि दहा वर्षांनी तो कोतवालांचा होऊन बसतो. कोतवालांना त्याची गरज नाही. ज्याने धान्याची कोठारे उभी केली आणि मनोरे पाडले, त्याच्याविषयी बोलायला विषय कमी पडत असतील तर बोलणाऱ्याने तयारी केलेली नाही एवढेच.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, २१ जानेवारी १९४३ रोजी, सिंधमध्ये सक्करच्या तुरुंगात हेमू कालाणीला फाशी दिले. वय एकोणीस. लष्करी सामान नेणाऱ्या गाडीचे रूळ उखडण्याचा प्रयत्न हा गुन्हा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले, आणि हेमूची आठवण त्यांच्याबरोबर आली. त्याच्या अखेरच्या शब्दांची मात्र अनेक रूपे ऐकायला मिळतात. कुणी सांगतो, त्याने 'इन्किलाब झिंदाबाद'चा घोष केला. कुणी सांगतो, 'भारतमाता की जय'चा. कुणी म्हणतो, पुन्हा याच भूमीत जन्म मागितला. सांगणारा ज्या पक्षाचा, त्या पक्षाची घोषणा त्याच्या तोंडी येते. खोटे वाक्य निरुपद्रवी असते असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. ज्या पोराने जीव दिला तो मेल्यावरही कुणाच्या तरी मिरवणुकीत घोषणा देत उभा राहतो आणि त्याला नको म्हणता येत नाही.

तेव्हा अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरातल्या शिक्षकांना आणि मंडळांना एक विनंती. वक्तृत्व स्पर्धेला 'थोरांचे अखेरचे शब्द' हा विषय देऊ नका. द्यायचाच असेल तर 'हे वाक्य कुणी ऐकले?' असा द्या आणि मुलांना शोधायला लावा. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले उल्हासनगरचे आजी-आजोबा आता नव्वदीकडे चालले आहेत. सिद्धगडच्या पायथ्याच्या गावांत ४२ सालची हकिकत बापाच्या, आजाच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून भेटतात. त्यांच्याकडे पोरांना वही आणि मोबाइल देऊन पाठवा. ते जे सांगतील ते जसेच्या तसे उतरवून घ्या, सुधारू नका, आणि प्रत्येक टिपणाखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि त्याने ते स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, एवढे न विसरता लिहा.